कोऱ्या यंत्रातली मराठी

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)

संगणक घरी आणला की त्यात सगळे असतेच, अशी आपली समजूत झाली आहे. बटण दाबले की चित्र उमटते, माउस फिरवला की बाण फिरतो, मराठी लिहायचे तर भाषा निवडली की झाले. पण लिनक्स नावाची जी मुक्त संगणक प्रणाली आहे, तिची ‘मिनिमल’ म्हणजे अगदी पायापुरती मांडणी केली, तर पडद्यावर नुसता काळोख असतो. एक ओळ आपले नाव विचारते, पासवर्ड विचारते आणि मग एक छोटी रेघ लुकलुकत थांबते. खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. भिंती, छप्पर आणि पाण्याचा नळ एवढेच असलेले घर आपल्या ताब्यात येते. भांडीकुंडी आपली आपण आणायची.

आणि मराठी? मराठीही त्या घरात नसते. तीही बाहेरून आणावी लागते. ती कुठून येते, तिला तिथे कोणी आणून ठेवले आणि ती तिथे राहील का, हे आज सांगायचे आहे. मी साहित्य घेऊन बी.ए. झालेला माणूस, संगणकाचा अभियंता नव्हे. पण कविता लिहिणाऱ्याला अक्षर कुठून येते याची चौकशी करण्याचा हक्क असतो, असे मी मानतो.

असली रिकामी प्रणाली घेतो कोण, असे तुम्ही विचाराल. जगातले कितीतरी सर्व्हर अशाच प्रणालीवर चालतात, कारण जेवढे सामान कमी, तेवढी बिघाडाची आणि चोरीची भीती कमी. ‘अल्पाइन लिनक्स’ची सर्व्हरसाठी वापरतात ती मूळ प्रत दहा एमबीपेक्षाही लहान असते. ‘टायनी कोअर’ ही प्रणाली खिडक्यांसकट वीस-पंचवीस एमबीत मावते. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे आपल्यासारखी माणसे. कचेऱ्यांतून मोडीत निघालेला, नव्या प्रणालीचे ओझे न पेलणारा संगणक कोल्हापुरात थोड्या पैशांत मिळतो. त्यावर रिकामी लिनक्स घातली आणि लागेल तेवढेच सामान आणले, तर तो आणखी काही वर्षे लिहिण्यावाचण्याचे काम करतो. माझ्या टेबलावर असाच एक आहे.

आता हे सामान आणण्याची रीत पाहू. तिला तीसेक वर्षांचा इतिहास आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक प्रत्येकाला असावी, हा त्यामागचा विचार. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला, तो लिनक्स. त्या काळी नवा प्रोग्राम हवा असेल तर त्याची मूळ संहिता एका गाठोड्यात मिळे. गाठोडे सोडायचे, आपल्या यंत्राला जुळवून घ्यायचे, मग यंत्राकडून त्याचा चालता प्रोग्राम बनवून घ्यायचा. हे करताना मध्येच निरोप येई, की अमुक एक लायब्ररी सापडत नाही. ती शोधून आणावी, तर तिला आणखी तिसरी हवी असे. पीठ मळायला घ्यावे, तर परात नाही. परात आणायला जावे, तर दुकानदार म्हणतो आधी सुटे पैसे आणा, असा प्रकार. इंग्रजीत या छळाला ‘अवलंबित्वाचा नरक’ अशा अर्थाचे नावच पडले.

यावर उपाय म्हणून पॅकेज आले. पॅकेज म्हणजे आधीच बनवून ठेवलेला प्रोग्राम, आणि त्याच्याबरोबर एक चिठ्ठी. चिठ्ठीत नाव, आवृत्ती, कोणी सांभाळले आणि याला आणखी काय काय लागते, हे लिहिलेले. १९९३ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयान मर्डॉकने ‘डेबियन’ सुरू केले. डेब्रा हे त्याच्या मैत्रिणीचे नाव आणि इयान त्याचे स्वतःचे, दोन्ही मिळून डेबियन. जून १९९६ मध्ये डेबियन १.१ आली, तेव्हा तिच्यात ४७४ पॅकेजेस होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ती सत्तर हजारांच्या घरात आहेत. दुसरीकडे रेड हॅट कंपनीने १९९५ च्या सुमारास ‘आरपीएम’ ही आपली पॅकेजची पद्धत आणली. पण चिठ्ठी वाचून लागणारे सगळे सामान आपणहून गोळा करणारा गडी डेबियनला मिळाला तो ‘ॲप्ट’. १९९८ मध्ये तो आकाराला आला आणि मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर सर्वांच्या हाती गेला.

ॲप्टचे काम समजायला आपले करवीर नगर वाचन मंदिर डोळ्यांसमोर आणा. १८५० साली स्थापन झालेले हे ग्रंथालय. तिथे पुस्तक हवे असेल तर आधी सूची बघायची, मग पुस्तक मागायचे. ॲप्टचेही तसेच. ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा दिली की फक्त ताजी सूची आपल्या यंत्रात उतरते. एकही प्रोग्राम बदलत नाही. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो, कारण अपडेट म्हणजे सुधारणा असे त्याला वाटते. जुन्या प्रोग्रामच्या जागी नवी आवृत्ती घालण्याची आज्ञा वेगळी, ‘ॲप्ट अपग्रेड’. रिकाम्या प्रणालीत कधीकधी सूचीच नसते. म्हणून पहिल्याच दिवशी ‘अपडेट’ न करता पॅकेज मागितले, तर ‘सापडत नाही’ असे उत्तर येते. पॅकेज भांडारात असते. आपल्याकडे सूची नसते, एवढेच.

सूची आली की ‘ॲप्ट सर्च’ आणि पुढे एखादा शब्द. नाव माहीत नसले तरी चालते, विषय द्यावा. फॉन्ट, कीबोर्ड, डिक्शनरी असा शब्द दिला की जुळणारी नावे समोर येतात. त्यातले एक निवडून ‘ॲप्ट शो’ म्हटले की चिठ्ठी उघडते. ती वाचावीच, असा माझा आग्रह आहे. तिच्यात गरजा तीन प्रकारांत लिहिलेल्या असतात. पहिली अवलंबून असलेली, दुसरी शिफारस केलेली, तिसरी नुसती सुचवलेली. लग्नाला नवरानवरी हवीतच. मामा-मावशी आल्या तर शोभा येते. आणि मामाच्या कचेरीतले मित्र आले काय, न आले काय. ॲप्ट एरवी पहिल्या दोन्ही प्रकारांना बोलावतो. लहान यंत्रात जागा कमी असेल तर शिफारशी नकोत असे त्याला आज्ञेतच सांगता येते, आणि मग शंभर पाहुण्यांच्या जागी पंधरा येतात. शेवटी ‘ॲप्ट इन्स्टॉल’. काय काय येणार, किती जागा लागणार हे तो आधी सांगतो, आणि मागितल्यापेक्षा काही जास्त आणावे लागणार असेल तर हो की नाही विचारतो. अल्पाइनमध्ये हेच काम ‘एपीके’ करतो, फेडोरामध्ये ‘डीएनएफ’. नावे वेगळी, रीत तीच.

हे भांडार आज इंटरनेटवर आहे. पण आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना मिळू लागले ते ऑगस्ट १९९५ पासून, तेही टेलिफोनच्या तारेवरून. पुढे ५६ केबीपीएसचे मॉडेम आले. असा मॉडेम अखंड पूर्ण वेगाने चालला, तरी एक सीडीभर सामान उतरवायला सत्तावीस तास लागत, आणि तो पूर्ण वेगाने कधीच चालत नसे. डेबियनची २००२ ची आवृत्ती सात सीडींची होती, २००५ ची चौदांची. म्हणून कोल्हापूरसारख्या शहरांत लिनक्स आली ती सीडीवरून. ‘पीसी क्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाने १९९० नंतरच्या दशकात अंकाबरोबर लिनक्सच्या सीडी द्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये ‘लिनक्स फॉर यू’ मासिक निघाले. २००४ साली उबुंटू आली, आणि तिची कंपनी मागेल त्याला फुकट सीडी टपालाने पाठवू लागली. ती योजना २०११ पर्यंत चालली. ॲप्टला भांडार सीडीवर असले तरी चालते, सीडीची सूची तो तशीच वाचतो. टपालातून आलेले भांडार ही कल्पना आजच्या मुलांना गंमतीची वाटेल, पण त्या चकतीवर जे नव्हते ते आपल्यासाठी जगातच नव्हते.

इथून पुढे मराठीचा प्रश्न सुरू होतो.

काळ्या पडद्याचा जो मूळ लिनक्स कन्सोल असतो, तो एका वेळी फार तर ५१२ आकृत्या सांभाळू शकतो आणि त्या एकापुढे एक मांडतो. इंग्रजीला एवढे पुष्कळ झाले. देवनागरीला ते पुरत नाही, कारण आपली अक्षरे एकमेकांत मिसळतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर, पण कागदावर आधी येते. ‘क्ष’ आणि ‘त्र’ यांत मूळ अक्षरांचा चेहराच बदलतो. म्हणून मराठीसाठी आधी चित्रमय पडदा आणावा लागतो. मग तीन गोष्टी. अक्षरांच्या आकृत्या पुरवणारा फॉन्ट, त्या आकृत्या योग्य क्रमाने जोडणारा जुळारी प्रोग्राम, आणि कीबोर्डवरून मराठी उमटवणारी सोय. फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. संगणकवाले त्यांना ‘टोफू’ म्हणतात. गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टचे नावच ‘नो टोफू’ यावरून आले आहे.

या तीनही गोष्टी भांडारात आल्या कशा? युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. तरी पुढची दहा-पंधरा वर्षे मराठीची छपाई वेगळ्याच रीतीने चालली. इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट वापरले जात, आणि प्रत्येकाची बैठक निराळी. माझ्या पहिल्या संग्रहाची अक्षरजुळणी १९९८ साली एका डीटीपी केंद्रात झाली. फ्लॉपी मी जपून ठेवली. दहा वर्षांनी ती उघडली, तर कवितांच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांच्या खुणा यांची खिचडी होती. तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर मिळे, ते तोवर बाजारातून गेले होते. छापील पुस्तक होते म्हणून कविता वाचल्या. ज्यांचे लेखन छापलेच गेले नाही, अशांच्या फ्लॉप्यांचे काय झाले असेल, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

मुक्त प्रणालीत भारतीय भाषा याव्यात म्हणून २००० च्या सुमारास मुंबईत ‘इंडलिनक्स’ हा प्रकल्प सुरू झाला. पुढे रेड हॅटने ‘लोहित’ नावाचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅटमधला ‘रेड’ असा संस्कृतात आला. हे फॉन्ट पुरवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीने. आज डेबियनच्या भांडारात लोहित देवनागरी पॅकेज म्हणून आहे. एका आज्ञेत ते येते.

फॉन्ट आला म्हणजे मराठी आली असे मात्र नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खाचा. ‘आचार्यांनी’ शिकवले आणि ‘आचाऱ्यांनी’ स्वयंपाक केला. हा फरक दाखवणारा अर्धा र हिंदीला लागत नाही. म्हणून फॉन्ट करणाऱ्याने मराठीचा विचार केला नसेल, तर दऱ्याखोऱ्यांत समुद्र शिरतो. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित केली. पण शासनाचा निर्णय फॉन्टमध्ये आपोआप उतरत नाही. कोणीतरी बसून तो उतरवावा लागतो.

अक्षरे जोडणाऱ्या जुळारी प्रोग्रामचे नाव ‘हार्फबझ’. हे नाव प्रथम चिठ्ठीत पाहिले तेव्हा मी थबकलो. आमच्या घरात मराठीबरोबर उर्दूही वाचली जाते, त्यामुळे ‘हर्फ’ म्हणजे अक्षर हे लहानपणापासून माहीत. फारसीत ‘बाझ’ म्हणजे उघडा. ‘ओपनटाइप’ या तंत्राच्या नावाचे हे सरळ फारसी रूप, बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या संगणकतज्ज्ञाच्या प्रकल्पाचे. माझ्या यंत्रात ‘ज्ञानेश्वर’मधला ‘ज्ञ’ जोडणारा आणि आईच्या उर्दूची उजवीकडून डावीकडे जाणारी नस्तालिक ओळ जुळवणारा गडी एकच आहे. मोडी लिपी जून २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली; तिचाही नोटो फॉन्ट आहे. कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानची मोडी कागदपत्रे आहेत. त्यांचे लिप्यंतर करणाऱ्यांना मूळ अक्षर पडद्यावर दाखवता येते, हे लहान काम नव्हे.

डेबियन यंत्रात बसवताना जे प्रश्न विचारले जातात, ते मराठीत वाचता येऊ लागले फेब्रुवारी २००९ च्या ‘लेनी’ या आवृत्तीपासून. साठाहून अधिक भाषांच्या त्या यादीत मराठीची तेव्हा भर पडली. त्याच आवृत्तीत एक भाषा वगळलीही गेली. तिचे भाषांतर वेळेत अद्ययावत झाले नव्हते, एवढेच कारण. ज्या दाराने मराठी आत आली, त्याच दाराने दुसरी भाषा बाहेर गेली. कोणी हाकलले नाही. सांभाळायला माणूस उरला नाही.

सरकारी पातळीवर जानेवारी २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ प्रणाली आणली, तिच्यात भारतीय भाषांची सोय होती. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने तर पॅकेज कसे शोधायचे आणि बसवायचे, याचा पाठच मराठी आवाजात तयार केला. तो ‘सिनॅप्टिक’ या प्रोग्रामवर आहे. ब्राझीलच्या कोनेक्टिवा कंपनीत जन्मलेला हा प्रोग्राम ॲप्टला खिडकीचे रूप देतो. खेड्यातल्या महाविद्यालयातल्या मुलीला इंग्रजी पडदा समोर ठेवून मराठीत समजावणारा हा पाठ, माझ्या मते, मराठीच्या नावाने होणाऱ्या कितीतरी समारंभांपेक्षा मोलाचा आहे.

आता विश्वासाबद्दल. अनोळखी माणसाने बनवलेला प्रोग्राम आपण घरात घेतो कसा? भांडाराच्या सूचीवर सांकेतिक सही असते आणि सूचीत प्रत्येक पॅकेजचा ठसा नोंदलेला असतो. जुन्या पत्रावरचा शिक्का तपासावा, तसा ॲप्ट तो तपासतो. डेबियनमध्ये ही सोय २००७ च्या आवृत्तीपासून आहे. पण शिक्का खरा असला तरी आतला माणूस थकलेला असू शकतो. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या, फाइली आक्रसणाऱ्या एका छोट्या पॅकेजमध्ये चोरवाट सापडली. ते पॅकेज प्रामुख्याने एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. मदतीला आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनएक वर्षे विश्वास मिळवला आणि मग घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरमध्ये शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, म्हणून ते उघडकीला आले. तोवर विषारी आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोचली होती. पक्क्या आवृत्तीत ती शिरली नव्हती. अर्ध्या सेकंदाची दखल घेणारा एक माणूस तिथे होता, हे आपले नशीब.

सांभाळायला माणूस नसला की पक्के दिसणारे आधारही जातात. डेबियन १३ मध्ये जुन्या ३२ बिटच्या इंटेल जातीच्या संगणकांसाठी प्रणाली बसवण्याची सोय बंद झाली. त्या यंत्रांवर काम करणारे फार थोडे उरले होते. उद्या हीच पाळी एखाद्या भाषेच्या फॉन्टवर किंवा शब्दकोशावर येऊ शकते. डेबियनमध्ये सोडून दिलेल्या पॅकेजला ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथच म्हणतात. ‘ॲप्ट शो’च्या चिठ्ठीत ‘मेन्टेनर’ अशी एक ओळ असते, तिथे सांभाळणाऱ्याचे नाव असते. त्या जागी ‘डेबियन क्यूए ग्रुप’ असे दिसले, की समजावे या पॅकेजला पालक उरलेला नाही.

तर मराठीच्या अभिमानाबरोबर आपण एवढे करू शकतो. आपल्या यंत्रातल्या मराठी पॅकेजेसच्या चिठ्ठ्या उघडून ती एक ओळ वाचावी. जोडाक्षर तुटलेले दिसले, ‘ऱ्य’च्या जागी ‘र्य’ आला, भाषांतर अगम्य वाटले, तर ते कळवावे. त्यासाठी प्रोग्राम लिहिता यावा लागत नाही. मराठी नीट वाचता यावी लागते, आणि ती आपल्या शिक्षकांना, मुद्रितशोधकांना, कवींना येते. डेबियनमध्ये ‘रिपोर्टबग’ नावाचे पॅकेजच त्यासाठी आहे. ते बसवावे, कुठल्या पॅकेजची तक्रार आहे त्याचे नाव आणि आवृत्ती द्यावी, चुकीचा शब्द आणि बरोबर शब्द शेजारी शेजारी लिहावा आणि पाठवून द्यावे. ती ई-मेलने सांभाळणाऱ्या माणसापर्यंत जाते, आणि जगातल्या कोणालाही वाचता येईल अशी नोंदली जाते.